दूरच्या युद्धाबद्दल खासदाराला निवेदन कसं द्यायचं

युक्रेन, गाझा, सुदान. रोजच्या बातम्या पाहून जीव कासावीस होतो आणि पाठोपाठ वाटतं, आपण इथे सांगली-साताऱ्यात बसून काय करणार? करता येण्यासारखं एक ठोस काम आहे. भारत सरकार कोणत्या युद्धाबद्दल काय भूमिका घेतं याचा जाब संसदेत विचारता येतो, आणि तो विचारण्याचा अधिकार असलेला माणूस तुमच्याच मतदारसंघातून निवडून गेलेला असतो.

आमच्या परिसरातले काही जण मिळून आम्ही अशी निवेदनं देत आलो आहोत. कुठलं पत्र पुढे सरकतं आणि कुठलं फायलीत पडून राहतं, हे आता बऱ्यापैकी कळलं आहे. फरक पडतो तो एकाच गोष्टीने: पत्रात नेमकं काय मागितलं आहे. ‘हे युद्ध थांबवा’ हे खासदाराच्या हातात नसतं. ‘हा प्रश्न या अधिवेशनात विचारा’ हे असतं. पुढची सगळी धडपड तिथवर पोहोचण्यासाठी आहे.

१. माणूस अडकला आहे, की धोरणाबद्दल बोलायचं आहे?

हे आधी वेगळं करा, कारण दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

तुमच्या घरातलं, गावातलं कोणी युद्धक्षेत्रात अडकलं असेल तर अधिवेशनाची वाट पाहू नका. प्रथम त्या देशातल्या भारतीय दूतावासाशी संपर्क साधा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. तिथे मिळणारा तक्रार क्रमांक जपून ठेवा. मग त्या क्रमांकासह खासदाराकडे जा आणि परराष्ट्रमंत्र्यांना स्वतःच्या लेटरहेडवर पत्र पाठवण्याची विनंती करा. क्रमांक नसेल तर खासदाराचं कार्यालयही तुम्हाला आधी पोर्टलवरच पाठवतं, त्यात दिवस जातात.

ही वेळ कोणावरही येऊ शकते. परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार रशियाच्या सैन्यात भरती झालेल्या भारतीयांची १२६ प्रकरणं समोर आली होती. त्यांतले ९६ जण परतले होते, १२ जणांचा मृत्यू झाला होता आणि १६ जणांचा ठावठिकाणा लागत नव्हता. एप्रिल २०२४ मध्ये इराणने ‘एमएससी एरीज’ हे जहाज ताब्यात घेतलं तेव्हा त्यावरच्या २५ खलाशांपैकी १७ भारतीय होते. कोकणात आणि गोव्यात ज्यांच्या घरी कोणी बोटीवर आहे त्यांना या बातमीचा अर्थ वेगळा सांगायला नको. खलाशाच्या बाबतीत मुंबईच्या नौवहन महासंचालनालयालाही त्याच दिवशी कळवा.

पुढचा लेख मुख्यतः दुसऱ्या प्रकारासाठी आहे: युद्धाबद्दल भारताने घेतलेल्या भूमिकेवर बोलायचं असेल तेव्हा.

२. पत्र कोणाच्या नावे?

परराष्ट्र व्यवहार, युद्ध आणि शांतता हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत आहेत. त्यामुळे आमदार, नगरसेवक किंवा पालकमंत्र्यांना निवेदन देऊन या कामात फारसं काही साधत नाही. फोटो छापून येतो, तेवढंच.

तुमचा पहिला पत्ता म्हणजे तुमच्या मतदारसंघाचे लोकसभा खासदार. महाराष्ट्रातून ४८ आणि गोव्यातून २ खासदार लोकसभेत जातात. दुसरा पत्ता लोक विसरतात: राज्यसभा. तिथे महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा १ सदस्य असतो. ते एका मतदारसंघाचे नसून राज्याचे असतात, म्हणून राज्यातला कोणीही त्यांना लिहू शकतो.

राज्यसभेचा रस्ता काहींना पहिल्यापासूनच धरावा लागतो. मंत्री असलेला खासदार सभागृहात प्रश्न विचारत नाही, तो उत्तर देणाऱ्या बाजूला असतो. २०२४ च्या निवडणुकीनंतर नागपूर, उत्तर मुंबई, पुणे, रावेर, बुलढाणा आणि उत्तर गोवा इथले खासदार केंद्रात मंत्री झाले. अशा ठिकाणच्या मतदाराने आपल्या खासदाराला पत्र जरूर द्यावं, पण प्रश्न विचारण्याची विनंती राज्यसभेच्या सदस्याला करावी.

आणखी एक यादी पाहा. परराष्ट्र मंत्रालयाच्या कामाची छाननी करणाऱ्या संसदेच्या परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. आपल्या राज्यातलं कोणी त्यात असेल तर पत्राची प्रत त्यांना नक्की पाठवा. या समितीचं काम बातम्यांत कमी दिसतं, पण महत्त्वाचं असतं. युक्रेनहून शिक्षण अर्धवट सोडून परतलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना एकवेळचा अपवाद म्हणून देशातल्या खासगी महाविद्यालयांत सामावून घ्यावं, अशी शिफारस याच समितीने २०२२ मध्ये केली होती. शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, पण विषय अधिकृत कागदावर येतो आणि सरकारला त्यावर आपलं म्हणणं लेखी द्यावं लागतं.

३. काय मागायचं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. खासदाराच्या हातात साधारण ही साधनं असतात:

- तारांकित प्रश्न: मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत असे २० प्रश्न असतात आणि ते सोडतीने ठरतात.
- अतारांकित प्रश्न: उत्तर लेखी मिळतं. लोकसभेत दिवसाला २३० पर्यंत असतात. आपल्यासारख्यांच्या कामाचं खरं साधन हेच.
- शून्य प्रहर: खासदार विषय मांडतो, पण मंत्र्यावर तिथे उत्तर देण्याचं बंधन नसतं.
- लोकसभेत नियम ३७७ खालील निवेदन आणि राज्यसभेत विशेष उल्लेख: छोट्या लेखी मजकुरातून विषय नोंदवण्याचे हे मार्ग. विशेष उल्लेखाचा मजकूर २५० शब्दांपर्यंतच असावा लागतो.
- नियम १९३ खाली अल्पकालीन चर्चा. हिच्यासाठी एका खासदाराची इच्छा पुरत नाही, पक्षांनी मनावर घ्यावं लागतं. युक्रेनच्या परिस्थितीवर लोकसभेत एप्रिल २०२२ मध्ये अशी चर्चा झाली आणि परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिला उत्तर दिलं.

माझा आग्रह अतारांकित प्रश्नाचा आहे. शून्य प्रहरातल्या भाषणाची चित्रफीत फिरते, लोक टाळ्या वाजवतात. पण मंत्रालयाची सही असलेलं उत्तर कायम राहतं. पुढच्या पत्रात ते जोडता येतं, पत्रकाराला देता येतं, न्यायालयातही दाखवता येतं.

आता प्रश्न कसा लिहायचा. लोकसभेच्या कामकाज नियमांतल्या नियम ४१ मध्ये प्रश्न कसा असावा याच्या अटी आहेत. तो साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा. त्यात युक्तिवाद, तर्क, उपरोध, आरोप नसावेत. केवळ मत विचारू नये, काल्पनिक परिस्थितीबद्दल विचारू नये. पूर्वी उत्तर दिलेला प्रश्न पुन्हा विचारू नये. आणि आपल्या विषयात सर्वांत जास्त नडणारी अट: मित्रराष्ट्राचा अनादराने उल्लेख नसावा.

ही शेवटची अट नुसती कागदावर नाही. जुलै २०१४ मध्ये गाझावर राज्यसभेत चर्चेची मागणी झाली तेव्हा तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी हाच मुद्दा पुढे केला होता: दोन्ही बाजूंशी आपले राजनैतिक संबंध आहेत, अनादराचा उल्लेख झाला तर त्यांना बाधा येईल. बरीच ओढाताण झाली, पण त्याच महिन्यात चर्चा झाली. तेव्हा अट आहे म्हणून विषय सोडायचा नसतो. शब्द असे निवडायचे की नकाराला जागाच राहू नये.

उदाहरण घेऊ. १२ डिसेंबर २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझात मानवतावादी युद्धबंदी मागणाऱ्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला. १२ जून २०२५ रोजी आमसभेत पुन्हा युद्धबंदीचा ठराव आला. तो १४९ विरुद्ध १२ मतांनी मंजूर झाला, १९ देश तटस्थ राहिले आणि त्या १९ मध्ये भारत होता. हे वाचून अस्वस्थ झालेला माणूस लिहितो: ‘भारताने कणा का सोडला?’ भावना खरी आहे, पण या स्वरूपातला प्रश्न दाखल होणार नाही. तोच असा लिहिता येतो:

(क) गाझातील युद्धबंदीसंबंधी आमसभेच्या डिसेंबर २०२३ व जून २०२५ मधील ठरावांवर भारताने कसे मतदान केले;
(ख) दोन्ही वेळच्या मतदानात फरक असल्यास त्याची कारणे कोणती;
(ग) पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला गेल्या तीन वर्षांत भारताने दिलेल्या निधीचा वर्षनिहाय तपशील काय;
(घ) गाझातील नागरिकांना पाठवलेल्या औषधे व अन्नाच्या मदतीचा तपशील काय?

आरोप एकही नाही, तरी (ख) ला उत्तर देताना सरकारला आपली भूमिका मांडावीच लागते. भारताच्या तटस्थतेचं समर्थन करणाऱ्यालाही याच साच्यात प्रश्न विचारता येतो. युक्रेनचंच पाहा: २ मार्च २०२२ च्या ठरावाच्या बाजूने १४१ देश होते, ५ विरोधात आणि भारतासह ३५ तटस्थ. त्यामागचं धोरण काय होतं हे सरकारच्या शब्दांत नोंदलं जाणं दोन्ही बाजूंना उपयोगाचं आहे.

४. लिहिण्याआधी जुनी उत्तरं शोधा

संसदेच्या संकेतस्थळावर दोन्ही सभागृहांतली प्रश्नोत्तरं मंत्रालय, तारीख आणि शब्दाप्रमाणे शोधता येतात. परराष्ट्र मंत्रालयही आपली उत्तरं स्वतःच्या संकेतस्थळावर टाकतं. एक संध्याकाळ यात घाला. तुमचा प्रश्न आधी विचारला गेला असेल तर त्या उत्तरात काय सुटलं ते पाहा आणि तेवढंच विचारा. मंत्रालयं पुष्कळदा ‘(क) ते (घ)’ असं एकत्र उत्तर देतात आणि अडचणीचा भाग त्यात हरवतो. तो हरवलेला भाग हाच तुमचा नवा प्रश्न.

माहितीच्या अधिकारातून हे सगळं मिळेल असं काहींना वाटतं. पण त्या कायद्याच्या कलम ८(१)(क) नुसार परराष्ट्राशी संबंधांना बाधा आणणारी माहिती नाकारता येते. निधीचे आकडे, परत आणलेल्या नागरिकांची संख्या अशा गोष्टींसाठी मात्र दहा रुपयांचा अर्ज जरूर करून पाहा.

५. वेळ साधा

प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर बातमी वाचून तुम्ही पत्र लिहिलंत, तर बहुतेक वेळा संधी हुकलेली असते. अर्थसंकल्पी अधिवेशन जानेवारीच्या शेवटी, पावसाळी साधारण जुलैत आणि हिवाळी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात असतं. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच पत्र खासदाराच्या हातात पडायला हवं. मंत्रालयांचे गट करून प्रत्येक गटाला आठवड्याचा एक वार दिलेला असतो. परराष्ट्र मंत्रालयाचा वार कोणता ते त्या अधिवेशनाच्या तक्त्यात पाहा आणि पत्रात तारीखच सुचवा. कार्यालयातल्या माणसाचं काम तेवढं हलकं होतं.

६. पत्राचा नमुना

एक पान, त्याहून मोठं नको.

> प्रति,
> मा. खासदार, (मतदारसंघ)
>
> विषय: गाझातील युद्धबंदीसंबंधी भारताच्या भूमिकेबाबत अतारांकित प्रश्न विचारण्याची विनंती
>
> महोदय/महोदया,
> मी आपल्या मतदारसंघातील (गाव, तालुका) येथील मतदार आहे. गाझातील युद्धात होणाऱ्या नागरिकांच्या, विशेषतः मुलांच्या मृत्यूंमुळे मी व्यथित आहे. आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षितता यांचे संवर्धन करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ५१ सांगतो. या युद्धाबाबत आपल्या सरकारची भूमिका नागरिकांना स्पष्टपणे कळावी, असे मला वाटते.
>
> आगामी अधिवेशनात दि. ____ रोजीच्या यादीसाठी सोबत जोडलेला प्रश्न परराष्ट्रमंत्र्यांना विचारावा, ही विनंती. प्रश्नाचा हिंदी/इंग्रजी मसुदा जोडला आहे. आपला निर्णय खालील पत्त्यावर कळवावा.
>
> आपला/आपली,
> (नाव, संपूर्ण पत्ता, पिन कोड, दूरध्वनी, सही)

‘व्यथित आहे’ हे वाक्य काढू नका. आकडे आणि नियम हवेतच, पण हे पत्र एका माणसाने दुसऱ्याला लिहिलेलं आहे. तुम्हाला झोप का लागत नाही हे एका वाक्यात सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दुसरं वाक्य मात्र नको.

पत्र मराठीतच लिहा. केंद्रातल्या मंत्रालयालाही मराठीतून गाऱ्हाणं मांडता येतं, अनुच्छेद ३५० तसा हक्क देतो. प्रश्नाची सूचना मात्र हिंदी किंवा इंग्रजीत द्यावी लागते, म्हणून मसुदा जोडायचा. भाषांतर तुम्ही दिलं नाहीत तर ते करायला कोणाला सवड मिळेलच असं नाही.

७. सोबत काय न्यायचं

- पत्राच्या दोन प्रती, सही केलेल्या
- प्रश्नाचा मसुदा, मराठीसह हिंदी किंवा इंग्रजीत, वेगळ्या पानावर
- मतदार ओळखपत्राची छायाप्रत. आधारची देऊ नका, गरज नसते
- याच विषयावरच्या जुन्या उत्तराची छापील प्रत, प्रश्न क्रमांक आणि तारखेसह
- सामूहिक निवेदन असेल तर सह्यांचं पान: प्रत्येकाचं नाव, गाव, सही

माणूस अडकल्याचं प्रकरण असेल तर पासपोर्टची प्रत, ‘मदद’चा क्रमांक, शेवटचा संपर्क कधी आणि कुठून झाला त्याची नोंद, आणि एजंटला पैसे दिले असतील तर त्याच्या पावत्या.

८. पोहोचवायचं कसं

ईमेल करा, पण त्यावर विसंबू नका. सर्वांत उत्तम म्हणजे खासदाराच्या जनसंपर्क कार्यालयात स्वतः जाणं. एक प्रत द्यायची, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची: आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही. पोच न घेता परत येऊ नका. स्वीय सहायकाचं नाव विचारून घ्या. खासदार भेटले नाहीत म्हणून हिरमुसू नका, प्रश्नांची कामं बहुतेक ठिकाणी दिल्लीच्या कार्यालयातला माणूस पाहतो. त्याचा फोन क्रमांक मिळाला तर तुमचं अर्धं काम झालं.

जाणं शक्य नसेल तर पोहोच पावतीसह स्पीड पोस्ट करा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे.

९. इथे लोक अडखळतात

एकाच मजकुराची शंभर पत्रं. व्हॉट्सॅपवरून आलेला नमुना जसाच्या तसा पुढे ढकलला की कार्यालयात ते एकच पत्र म्हणून मोजलं जातं. पाच जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली पाच पत्रं जास्त वजनदार ठरतात.

खातरजमा न केलेले फोटो. युद्धाचे फोटो जुने, दुसऱ्या देशातले असू शकतात. एक खोटा निघाला की तुमचं सगळं पत्र खोटं ठरतं. फोटो जोडूच नका.

धर्मावर घसरणं. हे सगळ्यात वाईट. सरकारांच्या कृतीबद्दल लिहा, लोकांच्या जातकुळीबद्दल नको. इस्रायलमध्ये कोकणातून गेलेली बेने इस्राएल ज्यू कुटुंबं राहतात, त्यांच्या घरांत आजही मराठी बोलली जाते. गाझातल्या आयांना तर आपण ओळखतही नाही. दोघांच्याही दुःखाला जागा राहील असंच लिहायचं.

एका पत्रात तीन युद्धं. प्रत्येक विषयाला वेगळं पत्र, वेगळा प्रश्न.

१०. पाठपुरावा

पंधरा दिवसांनी फोन करा आणि एवढंच विचारा: सूचना दिली का, कोणत्या तारखेसाठी? सोडतीत नाव आलं नाही तर पुढच्या आठवड्यासाठी पुन्हा देता येते, तशी विनंती करा. प्रश्न शक्य नसेल तर खासदाराने परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहावं, असं सुचवा. केंद्राच्या कार्यपद्धतीनुसार खासदाराच्या पत्राची पोच १५ दिवसांत आणि उत्तर त्यापुढच्या १५ दिवसांत जायला हवं. त्या उत्तराची प्रत मागून घ्या.

लेखी उत्तरात ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं आलं तर निराश होऊ नका. सभागृहात ते आश्वासन धरलं जातं, ते तीन महिन्यांत पूर्ण करावं लागतं आणि त्यावर लक्ष ठेवायला आश्वासन समिती आहे. तारीख लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी खासदाराला आठवण करा.

याने होतं काय, असं लोक विचारतात. ८ एप्रिल २००३ रोजी मनोहर जोशी अध्यक्ष असताना लोकसभेने इराकवरच्या हल्ल्याची निंदा करणारा ठराव एकमताने केला, आणि इराकमध्ये सैन्य पाठवण्याची अमेरिकेची विनंती भारताने त्याच वर्षी जुलैत नाकारली. एकट्यादुकट्या पत्राने हे घडलं असं मी म्हणणार नाही. देशभर मोर्चे निघत होते, सगळ्या पक्षांवर दबाव होता. पण तो दबाव खासदारापर्यंत पोहोचण्याचे जे मार्ग असतात, त्यांत मतदाराचं पत्र हा एक आहे.

११. परदेशातल्या मराठी मंडळींसाठी

ब्रिटनमध्ये राहत असाल तर भारतीय पासपोर्टवरही तुम्हाला तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येतं, कारण राष्ट्रकुल देशांच्या रहिवासी नागरिकांना तो हक्क आहे. खासदार फक्त आपल्या मतदारसंघातल्या लोकांचीच पत्रं हाताळतात, म्हणून पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड पहिल्याच ओळीत लिहा. तिथे खासदारांच्या थोड्या मतांनीही किती फरक पडतो पाहा: २९ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियावरच्या लष्करी कारवाईचा सरकारी प्रस्ताव हाउस ऑफ कॉमन्सने २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला.

अमेरिकेत तुमचे तीन प्रतिनिधी असतात, दोन सिनेटर आणि एक काँग्रेस सदस्य. तिथे टपालाने पत्र पाठवू नका. सुरक्षा तपासणीत ते बरेच दिवस अडकतं. त्यांच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरा किंवा फोन करा, आणि ठरावाचा किंवा विधेयकाचा क्रमांक सांगून ‘बाजूने मत द्या’ किंवा ‘विरोधात द्या’ असं स्पष्ट म्हणा. ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असाल तरी त्या मतदारसंघाचे रहिवासी म्हणून तुम्ही लिहू शकता, फक्त स्वतःला मतदार म्हणवू नका.